उणे चिन्ह कुठे गेले?

२०१० च्या सुमारास आम्ही काही सहकाऱ्यांनी मिळून शाळांसाठी वातावरणाविषयी बारा मिनिटांची एक फिल्म तयार केली. जमिनीपासून वर जावे तसे तापमान कसे उतरत जाते हे दाखवणारा एक तक्ता तीत होता. समुद्रसपाटीला १५ अंश सेल्सिअस आणि पुढे दर किलोमीटरला ६.५ अंशांनी घट, असे प्रमाण वातावरणाचे आकडे आम्ही घेतले होते. हा तक्ता पडद्याच्या तळाकडून सावकाश वर सरके आणि मध्यभागी येऊन थांबे. संगणकावर सगळे तपासून फिल्म एचडी फितीवर उतरवली आणि पुढे पाठवण्यापूर्वी जवळच्या शाळेतील काही शिक्षकांना बोलावून ती फीत लावून दाखवली.

तक्ता सरकत असतानाच विज्ञानाच्या एक शिक्षिका म्हणाल्या, "सर, दहा किलोमीटर उंचीवर पन्नास अंश? मग वर थंडी असते असे मुलांना कसे सांगायचे?"

आम्ही फीत मागे घेऊन पुन्हा पाहिली. ३ किलोमीटरला −४.५ होते, पण ४ किलोमीटरला नुसते ११. मग ५ ला −१७.५, ६ ला २४, ७ ला −३०.५, ८ ला ३७. एक सोडून एक उणे चिन्ह नाहीसे झाले होते. संगणकावर तीच चित्रे उघडली तर प्रत्येक चिन्ह जागच्या जागी! आणखी एक विचित्र गोष्ट म्हणजे तक्ता थांबला की नाहीशी झालेली चिन्हे परत येत. मात्र सगळीच उणे चिन्हे सारखी थरथरत.

चूक आमचीच होती. पण ती शोधताना जे कळले ते पडद्यावर हलणारी अक्षरे आणि आकृत्या तयार करणाऱ्या प्रत्येकाला उपयोगी पडेल असे आहे. शिवाय त्यातील गणित आठवीच्या मुलांनाही करता येते.

एका चित्राची दोन अर्धी

दूरचित्रवाणीचे चित्र आडव्या रेषांनी बनते. आपल्याकडे १९५९ साली दिल्लीत दूरचित्रवाणी सुरू झाली. आपली जुनी पद्धत ६२५ रेषांची आणि सेकंदाला २५ चित्रांची. सेकंदाला २५ चित्रे म्हणजे हालचाल सलग वाटायला पुरेशी, पण जुन्या काचेच्या नळीच्या पडद्यावर तेवढ्याने चित्र डोळ्यांना लुकलुकताना दिसे. सेकंदाला ५० पूर्ण चित्रे पाठवावीत तर प्रक्षेपणासाठी दुप्पट जागा लागणार. यावर १९३० च्या दशकातील तंत्रज्ञांनी एक नामी युक्ती काढली. एका वेळी चित्राच्या फक्त १, ३, ५ अशा विषम रेषा पाठवायच्या आणि पुढच्या खेपेला २, ४, ६ अशा सम रेषा. तंत्रज्ञ अशा अर्ध्या भागाला 'फील्ड' म्हणतात, आपण 'अर्धचित्र' म्हणू. सेकंदाला ५० अर्धचित्रे पाठवली की लुकलुक थांबते आणि जागा मात्र २५ चित्रांएवढीच लागते.

एचडी आली तेव्हा चित्र १९२० बिंदू रुंद आणि १०८० रेषा उंच झाले, पण सम-विषम रेषांची ही विभागणी एका प्रकारात कायम राहिली. त्या प्रकाराला १०८०-आय म्हणतात. भारतातील अनेक एचडी वाहिन्यांचे प्रक्षेपण आजही याच पद्धतीने होते. आमची फीतही याच पद्धतीची होती.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यायला हवी. दोन अर्धचित्रे ही एकाच क्षणाची दोन अर्धी नसतात. दुसरे अर्धचित्र पहिल्यानंतर सेकंदाच्या पन्नासाव्या भागाने घेतलेले असते. स्थिर वस्तूच्या बाबतीत यामुळे काही बिघडत नाही. वस्तू हलत असेल तर मात्र दुसऱ्या अर्धचित्राच्या वेळी ती पुढे सरकलेली असते.

सरकत्या तक्त्याचे गणित

आमचा तक्ता दर अर्धचित्राला बरोबर एक रेषा वर सरकत होता. आता काय होते ते पाहू.

पहिल्या अर्धचित्रात पडद्याच्या विषम रेषा उमटतात, त्यांवर तक्त्याच्या १, ३, ५ या विषम रेषा येतात. दुसऱ्या अर्धचित्राची पाळी येते तेव्हा तक्ता एक रेषा वर सरकलेला असतो. म्हणजे पडद्याच्या दुसऱ्या रेषेवर आता तक्त्याची तिसरी रेषा आहे आणि चौथीवर पाचवी. पडद्याच्या सम रेषांवर पुन्हा तक्त्याच्या विषम रेषाच आल्या! तिसऱ्या अर्धचित्राच्या वेळी तक्ता दोन रेषा सरकलेला असतो, पाळी पडद्याच्या विषम रेषांची असते आणि त्यांवरही तक्त्याच्या विषम रेषाच येतात. थोडक्यात, तक्ता सरकत आहे तोवर त्याच्या सम रेषा एकदाही टिपल्या जात नाहीत.

आकड्यांची उंची बऱ्याच रेषांची असल्यामुळे निम्म्या रेषा गळूनही आकडा ओळखू येतो. उणे चिन्हाचे तसे नाही. नाजूक दिसावे म्हणून आम्ही ते एकाच रेषेच्या जाडीचे ठेवले होते. ती एक रेषा विषम क्रमांकावर पडली तर चिन्ह दिसणार, सम क्रमांकावर पडली तर मुळीच दिसणार नाही. तक्त्याच्या दोन ओळींत ७५ रेषांचे अंतर होते. ७५ ही विषम संख्या. त्यामुळे एका ओळीचे उणे चिन्ह विषम रेषेवर, तर पुढच्या ओळीचे सम रेषेवर, असा क्रम लागला. एक सोडून एक चिन्ह नाहीसे होण्याचे कारण हेच.

ही त्रुटी दूरचित्रवाणी संचाची नव्हती. ती रेषा फितीवर उतरलीच नव्हती, तेव्हा कितीही चांगला संच आणला तरी ती दिसणार कोठून? कोणत्याही मापनात नमुने जितके दाट घ्यावेत तितकेच बारकावे हाती लागतात, हा नियम हॅरी नायक्विस्ट यांच्या १९२८ च्या आणि क्लॉड शॅनन यांच्या १९४९ च्या लेखांमुळे विज्ञानात पक्का झाला. दोन नमुन्यांमधल्या फटीत जे हरवले ते नंतर कोणत्याही युक्तीने परत मिळत नाही.

उपाय सोपा आहे. तक्ता दर अर्धचित्राला दोन रेषा सरकवला, की सम रेषांच्या पाळीला तक्त्याच्या सम रेषाच येतात आणि काहीही हरवत नाही. म्हणून सरकत्या नामावळीचा वेग दर अर्धचित्राला सम संख्येच्या रेषा इतका ठेवावा. दोन रेषा म्हणजे सेकंदाला १०० रेषा. या वेगाने एखादी ओळ पडद्याच्या तळापासून माथ्यापर्यंत १०.८ सेकंदांत पोचते.

वर्गात करून पाहण्याजोगे

आलेखाच्या कागदावर एकेक चौकट उंचीच्या आडव्या ओळींना १ पासून क्रमांक द्या. आठव्या ओळीत एक लांब आडवी रेघ रंगवा. हे आपले उणे चिन्ह. एका जाड कागदावर त्याच मापाने एक सोडून एक ओळ कापून खिडक्या करा. खिडक्यांचा कागद आलेखावर असा ठेवा की १, ३, ५ या ओळी दिसतील. हे पहिले अर्धचित्र. आता खिडक्या एक ओळ खाली सरकवा आणि आलेखाचा कागद एक ओळ वर. हे दुसरे अर्धचित्र. पुढच्या पायरीला खिडक्या मूळ जागी आणा आणि आलेख आणखी एक ओळ वर सरकवा. कितीही पायऱ्या केल्या तरी रंगवलेली रेघ दिसणार नाही. मग तोच प्रयोग आलेख दर पायरीला दोन ओळी सरकवून करा. दुसऱ्याच पायरीला रेघ हजर होईल.

शिरोरेषेची थरथर

तक्ता थांबल्यावर चिन्हे परत आली, पण थरथरू लागली ती का? स्थिर चित्रात एका रेषेच्या जाडीचे चिन्ह दोनपैकी एकाच अर्धचित्रात असते. ते एका पन्नासांश सेकंदात दिसते, पुढच्या पन्नासांश सेकंदात नसते. म्हणजे सेकंदाला २५ वेळा ते उजळते आणि विझते. चिन्ह सम रेषेवर असो की विषम, थरथर ठरलेलीच.

हा प्रश्न देवनागरी लिहिणाऱ्यांना इतरांपेक्षा जास्त छळतो. रोमन अक्षरांत ई, टी, एच अशा मोजक्या अक्षरांत आडव्या रेघा असतात. आपल्याकडे प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर शिरोरेषा असते. बारीक टंक घेतला तर सगळी ओळच थरथरते आणि शेवटच्या बाकावरच्या मुलाला ती वाचवत नाही. गणिती मजकुरात बरोबरचे चिन्ह आणि अपूर्णांकाची रेघ यांचीही तीच गत.

यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे आडवी रेघ निदान दोन, शक्यतो तीन रेषांच्या जाडीची ठेवणे, म्हणजे ती दोन्ही अर्धचित्रांत असेल. दुसरा म्हणजे चित्र उभ्या दिशेने किंचित पुसट करणे. याचे गणित सुंदर आहे. प्रत्येक रेषेचा नवा उजळपणा असा काढायचा: स्वतःचा निम्मा, वरच्या रेषेचा पाव आणि खालच्या रेषेचा पाव. समजा, काळ्या पार्श्वभूमीवर एकच रेषा १ इतकी उजळ आहे. या क्रियेनंतर तिच्या वरच्या रेषेला ०.२५, तिला स्वतःला ०.५ आणि खालच्या रेषेला ०.२५ उजळपणा मिळेल. मधली रेषा एका अर्धचित्रात, तिथे एकूण ०.५. वरची व खालची रेषा दुसऱ्या अर्धचित्रात, तिथेही ०.२५ अधिक ०.२५ म्हणजे ०.५. दोन्ही अर्धचित्रांत प्रकाश सारखा, म्हणून थरथर गेली! धार थोडी कमी झाली एवढेच.

अर्धचित्रांच्या क्रमाचाही एक सापळा आहे. १०८०-आय पद्धतीत वरच्या, म्हणजे पहिल्या रेषेने सुरू होणारे अर्धचित्र आधी दाखवतात. जुन्या डीव्ही फितींमध्ये याच्या उलट होते. आकृत्या करताना क्रम चुकला, तर १, २, ३, ४ अशा जागांवरून जाणारा चेंडू २, १, ४, ३ अशा क्रमाने दिसतो, म्हणजे पुढे-मागे अडखळत जातो. ही चूक स्थिर चित्रात दिसतच नाही. हलते चित्र पाहिले तरच कळते.

काना आणि रंग

आडव्या रेघांचे दुखणे पाहिले. उभ्या रेघांचे, म्हणजे काना आणि अक्षरांच्या दंडांचे दुखणे वेगळे आहे. ते रंगाशी निगडित आहे.

आपल्या डोळ्याला उजळपणातले बारकावे चांगले कळतात, रंगातले तितके नाही. याचा फायदा घेऊन व्हिडिओत उजळपणाचे नमुने दाट आणि रंगाचे विरळ घेतात. संपादनकक्षातल्या नेहमीच्या एचडी पद्धतीत एका रेषेवर उजळपणाचे १९२० नमुने असतात, तर रंगाच्या दोन घटकांचे प्रत्येकी ९६०. सोनी कंपनीने १९९७ साली आणलेल्या एचडीकॅम फितीवर ही काटकसर आणखी पुढे जाते: उजळपणाचे १४४० आणि रंगाचे फक्त ४८० नमुने. म्हणजे मूळ चित्रातील चार बिंदूंच्या रुंदीला रंगाचा एकच नमुना. दोन बिंदू रुंदीच्या कान्याचा रंग साहजिकच शेजारच्या रंगात मिसळून जातो.

तेव्हा अक्षर केवळ रंगाच्या जोरावर उठून दिसेल अशी रचना करू नये, उजळपणाचा फरक ठेवावा. एचडीच्या मानकानुसार उजळपणात लाल रंगाचा वाटा ०.२१२६, हिरव्याचा ०.७१५२ आणि निळ्याचा ०.०७२२ असतो. निळ्यावर लाल अक्षर काढले तर उजळपणातला फरक जेमतेम ०.१४. निळ्यावर पिवळे काढले तर पिवळा म्हणजे लाल अधिक हिरवा, ०.९२७८, फरक जवळजवळ ०.८६. सहापट! पहिला मजकूर फितीवर विरघळतो, दुसरा ठळक राहतो.

कडेची करडी रेघ

संगणकावर केलेले अक्षर संपादक दुसऱ्या चित्रावर बसवतो. त्यासाठी प्रत्येक बिंदूसोबत त्याची अपारदर्शकता पाठवावी लागते: पूर्ण अक्षर १, रिकामी जागा ० आणि कडेवर मधली किंमत. कडेच्या बिंदूवर अक्षराचा रंग गुणिले अपारदर्शकता, अधिक मागच्या चित्राचा रंग गुणिले उरलेला भाग, अशी बेरीज होते.

काही आज्ञावल्या यातला पहिला गुणाकार आधीच करून ठेवतात. संपादकाला हे ठाऊक नसेल तर तो पुन्हा गुणतो. पांढऱ्या अक्षराच्या कडेचा बिंदू घेऊ, अपारदर्शकता ०.५, आणि मागेही पांढरा ढग आहे असे समजू. बरोबर उत्तर ०.५ अधिक ०.५, म्हणजे १, पांढऱ्यावर पांढरे. दोनदा गुणले तर ०.२५ अधिक ०.५, म्हणजे ०.७५. अक्षराभोवती करडी रेघ उमटते. म्हणून आकृती पाठवताना गुणाकार झालेला आहे की नाही, हे सोबतच्या चिठ्ठीवर लिहिणे हिताचे.

असाच दुहेरी हिशेब काळ्या-पांढऱ्याच्या बाबतीत होतो. आठ बिटांच्या संगणकीय चित्रात काळा ० आणि पांढरा २५५ असतो. व्हिडिओत काळा १६ आणि पांढरा २३५. रूपांतर केलेच नाही तर पांढरे मर्यादेबाहेर जाते आणि तांत्रिक तपासणीत फीत परत येऊ शकते. रूपांतर दोनदा झाले तर काळा १६ ऐवजी ३० वर आणि पांढरा २३५ ऐवजी २१८ वर येतो. सगळे चित्र धुवट दिसते.

फितीवर उतरवताना

फीत म्हणजे एक सलग रस्ता, आणि त्यावरचे मैलाचे दगड म्हणजे टाइमकोड: तास, मिनिटे, सेकंद आणि चित्राचा क्रमांक. आपल्या पद्धतीत चित्रांचे क्रमांक ०० ते २४ असतात. युरोपीय प्रथेत कार्यक्रम १०:००:००:०० या खुणेवर सुरू करतात. त्याआधी रंगपट्टे आणि एक स्थिर स्वर असतो, म्हणजे पलीकडच्या माणसाला आपले यंत्र जुळवून घेता येते.

अमेरिकेत १९५३ साली रंगीत पद्धत ठरवताना ३० ऐवजी २९.९७ चित्रांचा वेग घ्यावा लागला. मोजणी मात्र ३० ची. त्यामुळे तासाला १०८ क्रमांकांची तफावत पडते आणि घड्याळाशी मेळ बसवण्यासाठी दर मिनिटाला दोन क्रमांक वगळतात, दहाव्या मिनिटाला मात्र वगळत नाहीत. तासात अशी ५४ मिनिटे, गुणिले दोन, बरोबर १०८. वगळले जातात ते क्रमांक. चित्र एकही जात नाही.

कडांचेही भान ठेवावे लागते. अनेक संच चित्राच्या कडा थोड्या कापतात. म्हणून मजकूर मधल्या ९० टक्के भागात, म्हणजे १७२८ बाय ९७२ बिंदूंत ठेवण्याची शिफारस आहे. वरच्या ओळीतले अनुस्वार आणि वेलांट्या कापल्या गेल्या तर शब्दच बदलतो, हे आपण विसरू नये.

फितीनंतर

२००३ साली एचडीकॅम-एसआर ही अधिक चांगली फीत आली. पण ११ मार्च २०११ रोजी जपानमधील त्सुनामीचा तडाखा या फिती बनवणाऱ्या सोनीच्या कारखान्याला बसला आणि जगभर त्यांचा तुटवडा पडला. फायलींकडे वळणे आधीच सुरू झाले होते, त्याला यामुळे वेग आला. आज बहुतेक कार्यक्रम फायलीच्या रूपात जातात. अर्धचित्रे, रंगाचे विरळ नमुने, १६ ते २३५ ची मर्यादा आणि सुरक्षित कडा मात्र फायलीतही शिल्लक आहेत. मोबाइलवर पाठ चित्रित करणाऱ्या शिक्षकांना अर्धचित्रांची काळजी सहसा नसते. बारीक लाल अक्षरांची आणि कापलेल्या अनुस्वारांची असते.

आम्ही उणे चिन्ह तीन रेषांचे केले, तक्त्याचा वेग दर अर्धचित्राला दोन रेषा केला आणि फीत पुन्हा भरली. मग त्याच शिक्षकांना बोलावून, तोच पडदा लावून तक्ता वाचून घेतला. दहा किलोमीटरला −५० दिसले, सरकतानाही आणि थांबल्यावरही. तेव्हापासून काम जिथे पाहिले जाणार तिथेच ते तपासायचे, असा आम्ही नियम केला आहे.

जाता जाता मुलांसाठी दोन प्रश्न. तक्ता दर अर्धचित्राला तीन रेषा सरकला असता तर काय झाले असते? आणि वेग एक रेषाच ठेवून दोन ओळींतले अंतर ७५ ऐवजी ८० रेषा ठेवले असते, तर उणे चिन्हांचे काय झाले असते? दुसऱ्या प्रश्नाची दोन उत्तरे संभवतात. दोन्ही शोधावीत, आणि त्यांतले कोणते अधिक धोक्याचे, यावर वर्गात जरूर चर्चा करावी.